वॉर्डरूमची पंगत

इंग्रजी आरमाराच्या मोठ्या युद्धनौकेवर एक खोली अशी असते, की तिथे जहाजाचा कप्तान आमंत्रणावाचून जेवायला बसत नाही. एरवी त्या जहाजावर त्याचा शब्द म्हणजे कायदा. शिडांच्या जमान्यात तर तो खलाशाच्या उघड्या पाठीवर चाबूक ओढवू शकत असे, आणि त्याविरुद्ध दाद मागायला शेकडो कोसांत कोणी नसे. पण या खोलीच्या दाराशी आला की तोही थबकतो. आतल्या मंडळींनी बोलावले तर पाहुणा म्हणून येतो, दाखवतील त्या जागी बसतो, आणि मेजाचा अध्यक्ष त्याच्याच हाताखालचा अधिकारी असला तरी जेवण संपेपर्यंत त्याच्या हातोडीचा मान राखतो. या खोलीचे नाव वॉर्डरूम. आरमारी अधिकाऱ्यांच्या क्लबाचा इतिहास सांगायचा तर तो इथूनच सांगितला पाहिजे.

किनाऱ्यावर क्लब निघाले नाहीत असे नाही. लंडनमध्ये १७६५ साली आणि पुन्हा १७८५ साली आरमारी अधिकाऱ्यांचे दोन भोजनसंघ निघाले. पुढे ते दोन्ही एक झाले, आणि मोठ्या सागरी लढायांच्या वर्षदिनी एकत्र जेवण्याचा परिपाठ त्यांनी चालवला. (योगायोग असा, की नेल्सनचे 'व्हिक्टरी' हे जहाज चॅथमच्या गोदीतून पाण्यात उतरले तेही १७६५ सालीच.) परंतु हे किनाऱ्यावरचे संघ म्हणजे फांद्या होत. समुद्रावर महिनोन्महिने एका मेजाभोवती बसायची ज्यांना सवय झाली होती, त्यांना जमिनीवर उतरल्यावर एकट्याने जेवणे गोड लागेना, एवढीच त्यांची जन्मकथा. मूळ झाड जहाजात होते.

ते झाड कसे होते हे 'व्हिक्टरी'च्या उदाहरणावरून पाहू. तीन मजली तोफा असलेले हे जहाज. ट्रफॅल्गारच्या वेळी त्यावर सुमारे ८२० माणसे होती. बहुतेक सगळी तोफांच्या मध्ये टांगलेल्या झोळ्यांत निजत आणि तोफांच्याच मध्ये सोडलेल्या फळीवर जेवत. वरच्या मजल्यावर पिछाडीला अॅडमिरलचा दिवाणखाना. त्याच्या बरोबर खाली, मधल्या मजल्यावर, वॉर्डरूम. मध्ये एक लांब मेज आणि दोन्ही बाजूंना अधिकाऱ्यांच्या चिमुकल्या कोठड्या. या कोठड्यांच्या भिंती काढून ठेवता येतील अशा असत, कारण प्रत्येक कोठडीत एक भाडेकरू आधीचाच होता : तोफ. लढाईचा ढोल वाजला की भिंती, पेट्या, खुर्च्या, मेज सारे तळघरात जाई, आणि ज्या जागी काल पुडिंग वाढले गेले त्याच जागी दारूगोळ्याचा धूर भरे. क्लब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जी गुबगुबीत आरामखुर्ची येते तिचा इथे संबंध नाही.

जेवणाच्या वेळाही दर्जाप्रमाणे ठरलेल्या. खलाशी दुपारी बाराला, त्यानंतर वॉर्डरूम, आणि सर्वांत शेवटी कप्तान, बहुधा एकटा. हा एकटेपणा हौसेचा नव्हता. जो उद्या आपल्याला मृत्यूच्या तोंडी धाडणार त्याच्याशी रोज ताट घासून गप्पा होऊ नयेत, असा त्यामागे हिशेब होता. म्हणून कप्तान अधूनमधून दोघातिघांना आपल्या खोलीत जेवायला बोलावी, आणि वॉर्डरूम त्याची परतफेड त्याला रविवारी बोलावून करी. सत्तेचे आणि सलगीचे हे वाटप मोठे शहाणपणाचे होते, असे मला वाटते.

वॉर्डरूमचा खर्च सरकार देत नसे. सरकारी शिधा खलाशाचा तोच अधिकाऱ्याचा : खारवलेले मांस, वाटाणे आणि किड्यांनी पोखरलेले बिस्किट. त्यावर जे काही चांगलेचुंगले हवे, म्हणजे कोंबड्या, मेंढरे, चहा, साखर, पोर्ट नावाचे गोड लाल मद्य, ते वर्गणीतून येई. वर्गणी सर्वांना सारखी. ज्याच्या घरी जहागीर आहे त्यालाही तेवढीच, आणि ज्याचे सारे कुटुंब त्याच्या पगारावर जगते त्यालाही तेवढीच. या सारखेपणाचा काच गरीब लेफ्टनंटालाच व्हायचा हे उघड आहे. तरी मेजाचा हिशेब पाहणारा सभासद आपल्यातूनच निवडायचा, नियम आपणच करायचे, मोडणाऱ्याला दंड आपणच करायचा, असा हा एक छोटासा प्रजासत्ताक कारभार एका निरंकुश राज्याच्या पोटात चालत असे. आपल्याकडे पंगतीला बसलेला यजमानाचा सावकार असो की कूळ असो, पान एकाच मापाने वाढले पाहिजे असा जो दंडक, तोच इथला. आणि आपल्या पंगतीचा जो दुसरा गुण, किंवा अवगुण म्हणा, तोही इथे होता. पंगतीला कोणी बसायचे हे आधी ठरलेले असे. त्याकडे आपण पुढे येऊच.

या मेजाचा राष्ट्राला काय उपयोग झाला, असे कोणी विचारील. त्याला नेल्सनचे उत्तर आहे. १ ऑगस्ट १७९८ रोजी नाईलच्या मुखापाशी त्याने फ्रेंच आरमार बुडवले. लढाईनंतर दोनच दिवसांनी, ३ ऑगस्टला, त्याच्या ताफ्यातील कप्तान 'ओरायन' जहाजावर जमले आणि त्यांनी तिथल्या तिथे एक 'इजिप्शियन क्लब' स्थापन केला. ठराव दोन : वर्गणी काढून नेल्सनला एक तलवार द्यायची, आणि त्याचे चित्र काढवून घेऊन क्लबाच्या दालनात लावायचे. दालन अर्थात अजून नव्हते. सभोवार फुटक्या जहाजांचे सांगाडे तरंगत होते. तलवारीच्या सोन्याच्या मुठीला मगरीचा आकार दिला होता. त्याच कप्तानांपैकी हॅलोवेल याने याहून विलक्षण भेट दिली. स्फोटात उडालेल्या 'लोरियाँ' या फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीची शवपेटी करवून त्याने ती नेल्सनला धाडली. मित्राला मित्राने शवपेटी भेट द्यावी आणि मित्राने ती आनंदाने आपल्या खोलीत ठेवून घ्यावी, ही थट्टा कळायला त्या मेजाभोवतीच बसलेले असले पाहिजे. जानेवारी १८०६ मध्ये सेंट पॉलच्या मंदिरात नेल्सनला त्याच पेटीत पुरले.

त्याआधी सप्टेंबर १८०५ मध्ये तो काडिझसमोरच्या ताफ्यात दाखल झाला. २९ तारखेला त्याला सत्तेचाळीस वर्षे पुरी झाली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून त्याने आपल्या कप्तानांना 'व्हिक्टरी'वर जेवायला बोलावले आणि जेवताना लढाईची योजना सांगितली. शत्रूच्या रांगेला समांतर रांग लावून तोफा डागायच्या, ही शतकाची रीत सोडून देऊन रांग मध्येच फोडायची. लेखी आज्ञापत्र निघाले ते ९ ऑक्टोबरला, म्हणजे जेवण झाल्यावर दहा दिवसांनी. लढाईत धुरामुळे निशाणांचे इशारे दिसत नाहीत. अशा वेळी प्रत्येक कप्तानाने आपल्या मनाने वागायचे आणि तरी सगळ्यांचे मन एक असायचे, ही गोष्ट आज्ञापत्राने साधत नाही. २१ ऑक्टोबरला इंग्रजांच्या २७ जहाजांनी शत्रूच्या ३३ जहाजांशी गाठ घातली तेव्हा त्या दोन जेवणांचे चीज झाले. तेव्हापासून ट्रफॅल्गारच्या वर्षदिनी वॉर्डरूममध्ये मोठी मेजवानी होते आणि 'अमर स्मृती'चा प्याला सर्वांनी उभे राहून, एक अक्षर न बोलता घ्यायचा असतो.

राजाचा प्याला मात्र बसून. राजाच्या नावाने प्याला घेताना कुणीही उभे राहील, पण आरमारी अधिकारी बसून राहतो आणि हा आपला खास हक्क मानतो. याची कथा अशी सांगतात, की कोणी एक राजा जहाजावर जेवायला आला असता उभा राहिला आणि वरच्या तुळईवर त्याचे डोके आपटले. त्याने जाहीर केले, की यापुढे माझ्या आरमाराने माझे शुभ बसूनच चिंतावे. हा राजा कोण म्हणाल तर कोणी दुसरा चार्ल्स सांगतात, कोणी चौथा जॉर्ज, कोणी चौथा विल्यम. इतक्या राजांची डोकी एकाच तुळईवर आपटावीत हे जरा कठीण आहे. पण तुळई खरी. या जहाजांत उंच माणसाला ताठ उभे राहता येत नसे, आणि हातात भरला प्याला घेऊन डुलत्या जहाजात वाकून उभे राहण्यापेक्षा बसणे बरे, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

आठवड्याच्या प्रत्येक दिवसाचा प्यालाही ठरलेला आहे. सोमवारी 'समुद्रावरची आपली जहाजे', मंगळवारी 'आपली माणसे', रविवारी 'दूर असलेले सुहृद'. बुधवारी 'आपण स्वतः'; यावर शेजारचा हळूच पुस्ती जोडतो, की आपली काळजी दुसरे कोण करणार! शनिवारी 'प्रेयसी आणि पत्नी', आणि पुस्ती : 'त्यांची गाठ कधी न पडो'. शुक्रवारचा प्याला 'लढायला राजी असलेला शत्रू आणि वळायला मुबलक समुद्र' यांच्या नावाने. हा प्याला शौर्याचा वाटतो आणि तो आहेही. पण त्यात रुपये-आण्यांचाही भाग होता. पकडलेल्या जहाजाची किंमत पकडणाऱ्यांत वाटली जाई. १७६२ साली 'हर्मायनी' हे खजिन्याने भरलेले स्पॅनिश जहाज दोन इंग्रजी जहाजांनी धरले, तेव्हा प्रत्येक कप्तानाला सुमारे ६५,००० पौंड मिळाले आणि साध्या खलाशाला सुमारे ४८५. कप्तानाकडे तीन अष्टमांश जात. वॉर्डरूममधील लेफ्टनंट, मास्टर आणि नौसैनिकांचा कप्तान यांच्यात मिळून एक अष्टमांश. राजी शत्रूची वाट का पाहत असत ते यावरून कळेल.

पण सर्वांत विचार करायला लावणारा प्याला गुरुवारचा. 'रक्तपाती युद्ध, नाही तर रोगराईचा मोसम!' प्रथम ऐकणाराच्या अंगावर काटा येतो. एकाच मेजावर बसलेल्या माणसांनी हसत हसत हे मागावे, आणि मागितलेले फळले तर खुर्च्या रिकाम्या होणार त्या याच मेजाच्या! वस्तुतः हा प्याला म्हणजे बढतीच्या नियमाचे भाष्य आहे. लेफ्टनंटाला वर जायला वरची जागा रिकामी हवी, आणि जागा रिकामी होई ती मरणाने. एकदा कप्तानाच्या यादीत नाव चढले की पुढे केवळ ज्येष्ठतेने सरकत सरकत माणूस अॅडमिरल होई. पात्रता एकच, जिवंत राहणे. निवृत्तीचे वय नव्हते. तेव्हा युद्ध नसेल तर रोगावर भिस्त. आणि रोग काय करू शके? १७२६-२७ मध्ये अॅडमिरल होझिअरचा ताफा वेस्ट इंडीजच्या पाण्यात पोर्तोबेलोपुढे नाकेबंदी करून नुसता उभा होता. धड लढाई झाली नाही, आणि सुमारे चार हजार माणसे तापाने गेली. होझिअर स्वतःही गेला. अशा प्रत्येक मोसमानंतर कोणाच्या तरी खांद्यावर नवी सोनेरी पट्टी येई. ती लावून तो ज्या मेजाशी बसे तिथे कालच्या मित्राची खुर्ची त्याला मिळालेली असे. हे शल्य उघड बोलण्याची सोय नव्हती. म्हणून ते थट्टेत घातले आणि थट्टेला आठवड्याचा एक वार नेमून दिला.

जगणे ही पात्रता कुठवर जाऊ शकते याचा नमुना म्हणजे प्रोव्हो वॉलिस. १ जून १८१३ रोजी 'शॅनन' या जहाजाने अमेरिकेचे 'चेसापीक' जिंकले, तेव्हा कप्तान घायाळ झाला, पहिला लेफ्टनंट मारला गेला, आणि दुसरा लेफ्टनंट वॉलिस याच्याकडे जहाज आले. हॅलिफॅक्स बंदर गाठेपर्यंत, म्हणजे जेमतेम सहा दिवस, तो त्याचा प्रमुख होता. पुढे १८७० मध्ये निवृत्तीचे नियम आले, पण फ्रेंच युद्धांच्या काळात ज्यांनी जहाजाचे प्रमुखपद भोगले त्यांना त्यांतून सूट मिळाली. त्या सहा दिवसांच्या बळावर वॉलिस आरमाराच्या चालू यादीत राहिला, १८७७ मध्ये सर्वोच्च पदाला पोचला, आणि १३ फेब्रुवारी १८९२ रोजी वयाच्या शंभराव्या वर्षी वारला. सांगतात की आरमार खात्याने त्याला हळूच सुचवले, यादीत राहिलात तर समुद्रावर बोलावणे येऊ शकेल; म्हाताऱ्याने उत्तर पाठवले, मी तयार आहे. त्याच्या खालच्या मंडळींनी किती गुरुवार मनोभावे साजरे केले असतील!

१८१५ मध्ये युद्ध संपले आणि गुरुवारच्या प्याल्याचा अर्धा भाग निकामी झाला. १८१३ च्या सुमारास आरमारात एक लाख चाळीस हजारांच्या घरात माणसे होती. १८१७ मध्ये ती वीस हजारांच्या आतबाहेर उरली. खलाशांना घरी धाडले. अधिकाऱ्यांना काढता येत नव्हते. त्यांना अर्ध्या पगारावर किनाऱ्यावर बसवले. लंडनच्या पॉल मॉल भागातला युनायटेड सर्व्हिस क्लब याच मोसमातले पीक. १८१५ मध्ये तो लष्करी अधिकाऱ्यांनी काढला आणि पुढच्या वर्षी आरमारवाले त्यात आले. १८२८ मध्ये जॉन नॅशने बांधलेल्या भव्य वास्तूत तो गेला. पण तिथे प्रवेश होता कमांडर आणि त्याहून वरच्यांना. ट्रफॅल्गारला तोफांपाशी उभा राहिलेला, पण त्यानंतर बढती न मिळालेला लेफ्टनंट त्या जिन्याची पायरी चढू शकत नव्हता. जहाजावरच्या मेजाने जी बरोबरी दिली ती जमिनीवरच्या संगमरवराने काढून घेतली. १९७८ मध्ये हा क्लब बंद पडला.

मेजावरचे नियम आता थोडक्यात. प्रार्थना धर्मगुरूने म्हणायची. तो नसेल तर अध्यक्ष 'देवाचे आभार' एवढेच म्हणतो आणि चमचे उचलले जातात. पोर्टची सुरई डावीकडून डावीकडे फिरते आणि हिंदकळू नये म्हणून मेजावरून सरकवायची असते. राजाचा प्याला होईपर्यंत कोणी पैज लावली, परकी भाषा बोलला, तलवार उपसली किंवा एखाद्या स्त्रीचे नाव घेतले, की अध्यक्षाची हातोडी वाजते आणि दंड म्हणून पोर्ट पाजावे लागते. सर्वांत कनिष्ठ सभासद मेजाच्या दुसऱ्या टोकाला 'मिस्टर व्हाइस' म्हणून बसतो आणि राजाचा प्याला जाहीर करण्याचा मान त्याचा. हे नियम पोरकट वाटतात. पण पैज, स्त्री, तलवार ही तिन्ही द्वंद्वयुद्धाची कारणे होती हे लक्षात घेतले, म्हणजे वर्षभर एकाच खोलीत कोंडलेल्या शस्त्रधारी तरुणांना एकमेकांपासून वाचवण्यासाठी ते झाले असावेत असे दिसते. जेवणानंतर मात्र धुमाकूळ. अलीकडच्या काळात त्यात 'अकर्स' नावाचा सोंगट्यांचा एक खेळ आहे आणि तो मोठ्या इरेसरीने चालतो. हा खेळ लुडोचा भाऊ, आणि लुडो म्हणजे १८९६ मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलेली आपली पचिसी! आपल्या सारीपाटाने कुठकुठे मुक्काम केला पाहा.

आता पंगतीच्या दुसऱ्या गुणाकडे येऊ. आपल्याकडे ज्याला पंक्तिप्रपंच म्हणतात तो इथे वाढण्यात नव्हता, बसण्यात होता. मास्टर म्हणजे जहाज प्रत्यक्ष वाट काढून नेणारा माणूस; तारे, प्रवाह, खडक यांचे ज्ञान सगळ्या लेफ्टनंटांपेक्षा त्याला अधिक. पण तो व्यापारी जहाजांतून आलेला आणि राजाच्या सनदेविना असलेला. शल्यवैद्य, खजिनदार यांचेही तेच. त्यांना मेजाशी हळूहळू जागा मिळाली. सनद मिळाली ती १८४३ मध्ये. मग वाफ आली आणि तिच्याबरोबर तेलकट हातांचा इंजिनिअर. १८४७ मध्ये वरिष्ठ इंजिनिअरांना सनद मिळाली खरी. पण १८६३ पासून त्यांच्या बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये जांभळे कापड शिवले जाऊ लागले, म्हणजे हा 'तो' अधिकारी नव्हे हे लांबूनच कळावे. इंजिनावाचून जहाज चालत नाही आणि इंजिनवाल्याशेजारी बसवत नाही, असा हा पेच. १९०२ च्या सेल्बोर्न योजनेने सर्व शाखांच्या मुलांना एकाच दाराने प्रवेश देऊन तो सोडवायचा प्रयत्न झाला, आणि त्यावर वॉर्डरूममध्ये जी धुसफूस झाली ती दीर्घ काळ पुरली. वॉर्डरूमच्या खालची गनरूम, म्हणजे पोरसवदा उमेदवारांचे मेज, ते तर निराळेच प्रकरण. तिथल्या छळाचे चित्र चार्ल्स मॉर्गन या माजी मिडशिपमनने १९१९ च्या आपल्या 'द गनरूम' या कादंबरीत काढले आहे.

या मेजाशी रोज हजर असूनही ज्याला कधीच खुर्ची नव्हती असा एक माणूस राहिला : खुर्चीमागे उभा राहून वाढणारा. हिंदी महासागरात हा माणूस पुष्कळदा गोव्याचा ख्रिस्ती असे. पोर्तुगीज राजवटीत पाश्चात्त्य स्वयंपाक त्याच्या हाती बसला होता. डुकराचे मांस, गोमांस, मद्य कशाचाही त्याला विटाळ नव्हता. व्यापारी बोटींवर, आरमारी जहाजांवर, पुढे रॉयल इंडियन नेव्हीत स्वयंपाकी आणि स्ट्युअर्ड म्हणून त्याची पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट होती. बोट सुटली की तो मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला 'कुडी'त येई. गावाच्या नावाने चालणारे हे त्याचे क्लब मुंबईत शेकड्यांनी होते. सभासद त्या त्या गावचाच हवा. भिंतीशी पेटी, पेटीच्या भोवतालची जागा त्याची, वर्गणी नाममात्र, संध्याकाळी वेदीपुढे सर्वांनी मिळून जपमाळ म्हणायची, गावच्या संताचा सण साजरा करायचा, दुसरी बोट मिळेपर्यंत राहायचे. जेर महालातल्या कुडी पुष्कळांनी बाहेरून पाहिल्या असतील. अधिकाऱ्यांच्या क्लबावर पुस्तके आहेत, पण कुडीची स्मृती बरीचशी तिच्या सभासदांबरोबरच गेली.

मुंबई हे आरमाराचे जुने ठाणे. तरी वॉर्डरूमचे दार हिंदी माणसाला उघडले १९२८ मध्ये. त्या वर्षी डी. एन. मुखर्जी यांना सनद मिळाली आणि ते आरमाराचे पहिले हिंदी अधिकारी झाले. ते इंजिनिअर होते. म्हणजे ज्याला स्वतःच्या जातभाईंच्या मेजावर इंग्लंडात इतकी वर्षे उपऱ्यासारखे बसावे लागले, त्याच शाखेतून हा पहिला माणूस आत गेला. तोवर हिंदी माणूस जहाजावर होता तो खलाशी म्हणून, आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्यांत रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता.

महायुद्धात आरमार एकदम फुगले, शिकलेली मुले संदेशवाहक म्हणून भरती झाली आणि ताटातला फरक त्यांच्या डोळ्यांत सलू लागला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या 'तलवार' या तळावर नाविकांनी अन्न नाकारले. तळाच्या इंग्रज प्रमुखाची शिवराळ भाषा आणि डाळीतले खडे ही तात्कालिक कारणे. हां हां म्हणता हे लोण ७८ जहाजांवर आणि २० किनारी ठाण्यांवर पसरले. सुमारे वीस हजार नाविक त्यात होते. त्यांच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, आणि तिच्याच बरोबरीने चांगले अन्न आणि अधिकाऱ्यांकडून माणुसकीची वागणूक याही मागण्या होत्या. २१ तारखेला कॅसल बराकीत गोळीबाराची देवाणघेवाण झाली. शहर पेटले, रस्त्यांवर दोनशेहून अधिक माणसे मेली. २३ तारखेला वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून नाविकांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांचे पुढारी एम. एस. खान आणि मदनसिंग हे दोघेही वॉर्डरूमच्या बाहेरचे. आतल्या हिंदी अधिकाऱ्याची त्या सहा दिवसांत काय कुचंबणा झाली असेल! त्याचे देशबांधव बाहेर होते आणि त्याची शपथ, त्याचे मित्र, त्याचे मेज आत होते. वॉर्डरूमने माणसांना जवळ आणले ते भिंतीच्या आत. भिंतीपलीकडे काय शिजते आहे हे तिला कळले नाही, अगदी शब्दशः कळले नाही.

स्वातंत्र्यानंतर कॅसल बराकीच्या त्याच ठाण्याचे 'डलहौसी' हे नाव जाऊन 'आंग्रे' हे नाव आले. २६ जानेवारी १९५० पासून 'रॉयल' हा शब्द गळला आणि राजाचा प्याला राष्ट्रपतींचा झाला. २२ एप्रिल १९५८ रोजी रामदास कटारी हे आरमाराचे पहिले हिंदी प्रमुख झाले. मेज, हातोडी, सुरई, मिस्टर व्हाइस हे सारे मात्र वारशाने आले आणि राहिले. १९९२ पासून भारतीय आरमारात स्त्रिया अधिकारी म्हणून येऊ लागल्या. इंग्रजी आरमारात त्या १९९० पासून युद्धनौकांवर जाऊ लागल्या होत्या, आणि २०१३ मध्ये तिथला शनिवारचा 'प्रेयसी आणि पत्नी' हा प्याला बदलून 'आपली कुटुंबे' असा करण्यात आला. मंगळवारच्या 'माणसां'च्या जागी 'नाविक' आले. गुरुवारला कोणी हात लावला नाही.

वॉर्डरूममध्ये संध्याकाळी कोणता पोशाख चालेल यावर आपल्याकडेही पुष्कळ वर्षे इंग्रजी रिवाजच चालला. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय आरमाराने कुडता-पायजमा, वर बिनबाह्यांचे जाकीट आणि पायांत बूट किंवा सँडल अशा राष्ट्रीय वेषाला परवानगी दिली. ही मुभा अधिकाऱ्यांच्या वॉर्डरूमला आहे तशी नाविकांच्या इन्स्टिट्यूटलाही आहे. दोन्ही ठिकाणे अर्थात अजून वेगवेगळीच आहेत.